गोळी चालेनाशी झाली, आता पुढे काय? फुफ्फुसाच्या कॅन्सरचे पुढचे उपचार ठरवताना

सीटी स्कॅनचा रिपोर्ट बहुतेक वेळा संध्याकाळी हातात पडतो. मी तो रिक्षातच उघडला होता. मुंबई नाक्याचा सिग्नल लागलेला, शेजारी आई पर्स मांडीवर धरून बसलेली, आणि शेवटच्या दोन ओळींचा अर्थ असा, की गाठ मागच्या वेळेपेक्षा वाढलीये आणि छातीत पाणीही पुन्हा जमलंय. चौदा महिने ज्या गोळीवर आमचं घर उभं होतं, ती गोळी चालेनाशी झाली होती.

माझी आई निफाड तालुक्यातली. आयुष्यात कधी मिश्रीसुद्धा लावली नाही, पण चुलीच्या धुरात तीसेक वर्षं काढली. खोकला सुरू झाला तेव्हा एक्स-रे बघून एका डॉक्टरांनी टीबीचं औषध चालू केलं आणि त्यात आमचे चार महिने गेले. आपल्याकडे टीबी इतका आहे, की फुफ्फुसावरचा डाग दिसला की पहिला संशय त्याचाच येतो आणि असं अनेक घरांत होतं. थुंकीत टीबीचा जंतू सापडलेला नसताना औषध सुरू असेल आणि फरक पडत नसेल, तर बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासायचा, आग्रह धरा, एवढं इथेच सांगून ठेवते.

हा लेख पहिल्या उपचाराबद्दल नाही. एक उपचार झाला, तो थांबला किंवा पुरेसा पडला नाही, आणि आता आई-वडिलांसाठी पुढचा ठरवायचाय, अशा नाशिकमधल्या मुला-मुलींसाठी आहे. आम्ही ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमाने लिहिते. आमचा क्रम चुकला होता: आधी औषधांची नावं शोधली, मग पैसे मोजले आणि आईला सगळ्यात शेवटी विचारलं.

पहिली पायरी: घाई कुठे करायची, कुठे नाही

रिपोर्ट आला त्या रात्रीच सगळं ठरवायचं नसतं. पुढचा उपचार ठरवायला एक-दोन आठवडे घेतले तर बहुतेक रुग्णांचं नुकसान होत नाही. किती थांबता येईल, हे तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांना स्पष्ट विचारा. स्मॉल सेल प्रकारचा कॅन्सर असेल (प्रकार बायोप्सीच्या रिपोर्टवर लिहिलेला असतो) तर मात्र तो वेगाने पसरतो, तिथे दिवस मोजूनच चालायला हवं.

काही लक्षणांना अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. अचानक दम लागणं, खोकल्यातून भरपूर रक्त पडणं, चेहरा आणि मान सुजणं, फिट येणं, पायातली ताकद एकदम जाणं किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटणं. पायातली ताकद गेली तर मणक्यात मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो आणि तिथे काही तासांचा उशीरही कायमचं अपंगत्व देऊन जातो. रात्र असो की सणाचा दिवस, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.

दुसरी पायरी: 'वाढ' म्हणजे नेमकी किती आणि कुठे

स्कॅनवर दोन-तीन मिलिमीटरचा फरक मोजण्यातूनही पडतो. जिथे जुना स्कॅन झाला तिथेच नवा करा किंवा जुनी सीडी बरोबर द्या, म्हणजे रेडिऑलॉजिस्ट शेजारी-शेजारी ठेवून बघेल. आम्ही पैसे वाचतात म्हणून दुसऱ्या सेंटरला गेलो होतो. तिथे तुलनाच झाली नाही आणि रिपोर्ट पुन्हा वाचून घ्यावा लागला.

मग डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. जुन्या गाठी वाढल्यात की नवीन आल्यात? एकाच ठिकाणी वाढ आहे की सगळीकडे? आणि मेंदूचा एमआरआय केलाय का? एकाच जागी वाढ असेल आणि बाकी सगळं शांत असेल, तर त्या जागेला रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे लोक 'शेक' म्हणतात तो, देऊन तीच गोळी पुढे चालू ठेवणं हा खरोखरचा पर्याय आहे. वाढ हळू असेल आणि त्रास काहीच नसेल, तर काही तज्ज्ञ तीच गोळी आणखी काही महिने देतात. 'वाढलं' हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं, आता सगळं बदलायचं. दर वेळी तसं नसतं.

तिसरी पायरी: फाईल, आणि फाईलमधला ब्लॉक

एक जाड बॉक्सफाईल घ्या आणि तारखेप्रमाणे लावा: बायोप्सीचा रिपोर्ट, जीन टेस्टचे रिपोर्ट, सगळे स्कॅन सीडीसकट, डिस्चार्ज कार्डं, कोणतं औषध कधी सुरू झालं, कधी थांबलं, काय त्रास झाला. सगळ्यात वर एका कागदावर ही कहाणी दहा ओळींत लिहून ठेवा. ओपीडीत डॉक्टरांना मिळणारी मिनिटं मोजकी असतात. दहा ओळींचा कागद त्यातली निम्मी वाचवतो.

आता ब्लॉक. बायोप्सीचा तुकडा लॅबमध्ये मेणाच्या छोट्या चौकोनी वडीत बसवून ठेवतात. काड्यापेटीपेक्षा लहान, प्लास्टिकच्या कॅसेटला चिकटलेली, पांढरी. तिच्यावर पेन्सिलीने नंबर. पुढची प्रत्येक टेस्ट, दुसऱ्या हॉस्पिटलचं मत, जीनची तपासणी यातूनच होते. ज्या लॅबमध्ये तपासणी झाली तिथे अर्ज दिला की ब्लॉक आणि स्लाइड मिळतात. तो तुमच्या रुग्णाचा आहे. मला पहिल्यांदा काउंटरवर 'रिपोर्ट दिलाय ना, ब्लॉक कशाला हवाय' असं ऐकावं लागलं. लेखी अर्ज, आईच्या सहीचं संमतिपत्र आणि आधारकार्डाची झेरॉक्स घेऊन दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा मिळाला. घरी आणल्यावर उन्हात, गाडीच्या डिकीत किंवा गॅसच्या ओट्याजवळ ठेवू नका. मेण आहे ते. आणि कुरिअर करायचा झाला तर नंबरचा फोटो काढून, कोणत्या लॅबला दिला ते लिहून मगच द्या.

चौथी पायरी: औषधाआधी जीनचा रिपोर्ट

फुफ्फुसाच्या कॅन्सरचे ढोबळ दोन प्रकार. साधारण ८५ टक्के रुग्णांचा नॉन-स्मॉल सेल, उरलेल्यांचा स्मॉल सेल. नॉन-स्मॉल सेलमध्ये पुन्हा ॲडिनोकार्सिनोमा आणि स्क्वॅमस हे मुख्य. बायोप्सीच्या रिपोर्टवर हे लिहिलेलं असतं. तेवढी एक ओळ पाठ असू द्या, कारण सगळी औषधं तिच्यावरून बदलतात.

ॲडिनोकार्सिनोमात जीनमधले बदल शोधतात. ईजीएफआर सगळ्यात जास्त ऐकू येतं, कारण आपल्याकडे, त्यातही सिगारेट न ओढणाऱ्यांमध्ये आणि बायकांमध्ये, ते बरंच सापडतं. त्याशिवाय एएलके, आरओएस-१, बीआरएएफ, मेट, रेट, केआरएएस. यातल्या बऱ्याच बदलांवर नेमकी गोळी आहे. ईजीएफआरवर जेफिटिनिब, एर्लोटिनिब, ओसिमर्टिनिब. एएलकेवर क्रिझोटिनिब, अलेक्टिनिब, लोर्लाटिनिब. पीडी-एल१ ही वेगळी टेस्ट. ती इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरविरुद्ध उभं करणाऱ्या औषधांचा, कितपत उपयोग होईल याचा अंदाज देते.

गोळी थांबली तर पुन्हा तपासणी का, हा प्रश्न आम्हालाही पडला. कॅन्सर गोळीला चुकवायला स्वतःत नवा बदल करतो. जेफिटिनिब-एर्लोटिनिबसारखी गोळी थांबलेल्या साधारण निम्म्या रुग्णांत टी७९०एम नावाचा बदल सापडतो, आणि तो सापडला तर ओसिमर्टिनिब लागू पडण्याची शक्यता चांगली असते. काही जणांत मेट वाढलेलं दिसतं, आणि मोजक्या रुग्णांत तर कॅन्सरच स्मॉल सेलसारखा झालेला असतो. मग औषधयोजना पार वेगळी. हे अंदाजाने कळत नाही, तपासूनच कळतं.

तपासायला नेहमी सुई टोचायची गरज नसते. रक्तातूनही तपासतात, त्याला लिक्विड बायोप्सी म्हणतात. रक्तात बदल सापडला तर काम झालं. पण सापडला नाही म्हणजे तो नाहीच असा अर्थ होत नाही. मग गाठीतून किंवा छातीतल्या पाण्यातून पुन्हा नमुना घ्यावा लागतो. आईचं रक्त निगेटिव्ह आलं. छातीतलं पाणी काढायचंच होतं, तेव्हा डॉक्टरांनी ते फेकून न देता त्याचा सेल ब्लॉक, म्हणजे पाण्यातल्या पेशींचा तसाच मेणाचा ब्लॉक, करायला सांगितलं. तुमच्याकडे पाणी काढणार असतील तर आदल्या दिवशी हे नक्की विचारा. एकाच टोचणीत दोन कामं होतात. आईच्या बाबतीत तोही निगेटिव्ह आला आणि केमोचा रस्ता स्पष्ट झाला.

एक धोक्याची गोष्ट. जीनचा रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि तेवढ्यात 'इम्युनोथेरपी सुरू करून टाकू' असा आग्रह नातेवाइकांकडून होतो, कधी कधी आपल्याच मनातून. ईजीएफआर किंवा एएलके असलेल्या रुग्णांत नुसत्या इम्युनोथेरपीचा उपयोग सहसा कमीच होतो. शिवाय इम्युनोथेरपीनंतर लगेच ओसिमर्टिनिब दिली तर फुफ्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. रुग्णाची तब्येत थांबण्यासारखी असेल तर रिपोर्टची वाट बघा. थांबण्यासारखी नसेल तर डॉक्टर बहुधा आधी केमो सुरू करतील, ते रास्त आहे.

पाचवी पायरी: ताकदीचा खरा हिशोब

पुढचं औषध झेपेल का, हे डॉक्टर बऱ्याच अंशी रुग्णाच्या हालचालीवरून ठरवतात. ० ते ४ असं मोजमाप असतं: ० म्हणजे पूर्वीसारखं सगळं करणारा, १ म्हणजे जड काम जमत नाही पण बाकी सुरळीत, २ म्हणजे स्वतःचं स्वतः करतो, निम्म्याहून जास्त दिवस उठून असतो पण कामधंदा नाही, ३ म्हणजे निम्म्याहून जास्त दिवस पलंगावर, ४ म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला. ३-४ वर असलेल्याला जोरदार केमो दिली तर फायद्यापेक्षा हालच जास्त होतात. नेमक्या जीनवरची गोळी मात्र अशा रुग्णालाही कधी कधी उठवून बसवते. म्हणूनही तो रिपोर्ट हवा.

आपण डॉक्टरांसमोर काय करतो? 'आई एकदम छान आहे डॉक्टर, सगळं खाते.' आपल्याला भीती असते, की अशक्त म्हटलं तर औषध देणार नाहीत. मीही असंच बोलले होते, आणि आई खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होती. त्यानंतर एक आठवडा आम्ही कालनिर्णयवर, जिथे ती दुधाचा हिशोब लिहायची तिथेच, रोज तीन गोष्टी लिहिल्या: किती वेळ झोपून होती, जेवली काय, आणि कोपऱ्यावरच्या दत्ताच्या देवळापर्यंत जाताना किती वेळा बसली. सोमवारी एकदा. गुरुवारी तीनदा. शनिवारी गेलीच नाही. तो कागद डॉक्टरांनी वाचला आणि पहिल्यांदा आमच्यात खरं बोलणं झालं. छातीतलं पाणी काढल्यावर ती पुन्हा एका बैठकीत देवळात जाऊन आली, हेही त्याच कागदावर आहे.

मूत्रपिंड, साखर, हृदय, कानाला कमी ऐकू येणं, हातापायांना आधीपासूनच्या मुंग्या, हे सगळं सांगा. केमोबरोबर स्टेरॉइड देतात, त्याने मधुमेह्यांची साखर उसळते. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा, ॲसिडिटीचीसुद्धा, कारण काही कॅन्सरच्या गोळ्या तिच्यामुळे नीट शोषल्या जात नाहीत. काढे, चूर्ण, कुणी दिलेलं अंगारा-औषध, तेही लपवू नका. रागावले तर रागावू द्या. यकृतावर ताण देणारं काही त्यात असेल तर डॉक्टरांना माहीत असणं जास्त गरजेचं.

सहावी पायरी: ज्याचं शरीर, त्याला विचारा

ही पायरी आम्ही सगळ्यात शेवटी घेतली होती. घरात सगळ्यांनी ठरवलं होतं, आईला 'कॅन्सर' म्हणायचं नाही, 'छातीत गाठ' म्हणायचं. चौदा महिने आम्ही ते पाळलं, निदान आम्हाला तसं वाटत होतं. गोळी थांबली त्या आठवड्यात ती ओसरीवर कापसाच्या वाती वळत बसली होती. मी म्हटलं, 'आई, औषध बदलावं लागेल.' तिने हातातली वात पूर्ण केली, ताटलीत ठेवली आणि म्हणाली, 'मला काय कळत नाही का गं? तू दादाशी फोनवर बोलतेस ते सगळं ऐकू येतं इथं. कॅन्सरच्या दवाखान्याच्या दारावर पाटी असते, ती मला वाचता येते.'

मग तिने काय हवं ते सांगितलं. आयसीयूत नळ्या लावून ठेवायचं नाही. मुंबईला एखाद-दोनदा येईल, दर महिन्याला नाही. आणि हाताला मुंग्या आणणारं औषध नको, वाती वळता आल्या पाहिजेत. शेजारच्या काकूंना केमोनंतर बटण लावता येत नव्हतं, हे तिने पाहिलं होतं.

ही तिसरी अट मला आधी क्षुल्लक वाटली होती. डॉक्टरांना तसं वाटलं नाही. ते म्हणाले, 'मावशी, हे बरं केलंत सांगितलंत,' आणि समजावलं, की पॅक्लिटॅक्सेलने हातापायाला मुंग्या येण्याचं प्रमाण बरंच असतं. ॲडिनोकार्सिनोमात पेमेट्रेक्सेड चालतं आणि त्यात तो त्रास कमी. आम्ही सांगितलं नसतं तर कुणी विचारलंही नसतं.

तुमच्या घरी सांगायचं नाही असं ठरलं असेल, तर मी भांडणार नाही. पण एवढं करा: वडिलांना किंवा आईला विचारा, 'आजाराबद्दल तुम्हाला किती माहिती हवी? निर्णय तुम्ही घेणार की आम्ही?' काही जण म्हणतात, 'तुम्हीच बघा.' तोही त्यांचाच निर्णय.

सातवी पायरी: समोरचे पर्याय

पर्याय साधारण असे असतात. जीनमध्ये बदल सापडला तर त्यावरची दुसरी गोळी. नाही सापडला तर केमो: ॲडिनोकार्सिनोमात बहुधा पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन, दर २१ दिवसांनी, डे-केअरमध्ये, स्क्वॅमसमध्ये कार्बोप्लॅटिन हे पॅक्लिटॅक्सेल किंवा जेम्सिटाबिनबरोबर. ज्यांचं हे आधीच झालंय त्यांना डोसिटॅक्सेलसारखं दुसरं औषध. जीनचा बदल नसलेल्यांना आधी मिळाली नसेल तर इम्युनोथेरपी, पेम्ब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब किंवा अटेझोलिझुमॅब, एकटी किंवा केमोबरोबर. विशिष्ट जागेच्या त्रासासाठी रेडिएशन: हाडाचं दुखणं, मेंदूतली गाठ, श्वासनलिकेवरचा दाब. पाणी परत-परत भरत असेल तर ते पुन्हा साचू नये म्हणून करायची प्रक्रिया किंवा घरीच पाणी काढता येईल अशी नळी. आणि क्लिनिकल ट्रायल. तिचं नाव काढलं की लोक घाबरतात, पण संमतिपत्र मराठीत मागता येतं, चाचणीचं औषध फुकट असतं आणि मधूनच बाहेर पडायचा हक्क असतो.

उपचार न वाढवता फक्त त्रास कमी करत राहणं, हाही पूर्ण पर्याय आहे आणि तो डॉक्टरांनी स्वतःहून मांडला नाही तर तुम्ही विचारा.

नुकतंच निदान झालेल्यांसाठी एक वाक्य: टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जेफिटिनिबबरोबर सुरुवातीपासूनच केमो दिली, तेव्हा आजार आटोक्यात राहण्याचा मध्यम काळ (निम्म्या रुग्णांना याहून जास्त, निम्म्यांना कमी) ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला, त्रासही जास्त झाला. महागडी गोळी परवडत नसेल तर हे आपल्या डॉक्टरांशी बोलण्यासारखं आहे.

आठवी पायरी: डॉक्टरांसमोर विचारायचे प्रश्न

मी वहीत लिहून नेले होते आणि दादाला फोनवर स्पीकरवर ठेवलं होतं. दोघांनी ऐकलं की निम्मं तरी लक्षात राहतं.

हा उपचार बरं करण्यासाठी आहे, आटोक्यात ठेवण्यासाठी, की त्रास कमी करण्यासाठी? आईसारख्या दहा जणांना दिला तर कितींना फायदा होतो, आणि फायदा म्हणजे काय, किती महिन्यांचा? काहीच केलं नाही तर काय होईल? पहिल्या दोन आठवड्यांत काय त्रास अपेक्षित आहे? चालतोय की नाही हे कधी आणि कशावरून कळेल? कोणत्या परिस्थितीत आपण थांबू? तुमची स्वतःची आई असती तर काय केलं असतं?

'थांबू कधी' हा प्रश्न उपचार सुरू व्हायच्या आधीच विचारायचा. नंतर तो तोंडातून निघत नाही.

नववी पायरी: दुसरं मत, आणि मुंबईचा प्रवास

दुसरं मत घेतलं म्हणून चांगला डॉक्टर रागवत नाही. नाशिकमध्येच शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय, पेठ रोडचं नामको आणि मुंबई नाक्याजवळचं एचसीजी मानवता ही कॅन्सरवर उपचार करणारी ठिकाणं आहेत. एकीकडे उपचार चालू असताना दुसरीकडे मत घेता येतं. अवघड निर्णय असेल तर 'आमची केस ट्यूमर बोर्डसमोर ठेवाल का?' असं विचारा. तिथे केमोचे, रेडिएशनचे, सर्जरीचे आणि पॅथॉलॉजीचे डॉक्टर एकत्र बसून बघतात.

परळच्या टाटाला जायचं असेल तर सकाळची पंचवटी एक्स्प्रेस दादरपर्यंत आणि तिथून टॅक्सी, हा आईला सगळ्यात कमी दमवणारा प्रवास ठरला. कसारा घाटात गाडी अडकली की रस्त्याने फार हाल होतात. स्लाइड, ब्लॉक आणि सीडी बरोबर नेल्या नाहीत तर फेरी वाया जाते, कारण ते बाहेरच्या स्लाइड स्वतः तपासतात. एका दिवसात काम संपेल असं धरू नका. मुक्कामाला परळला नाना पालकर स्मृती समिती आणि दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहेत. दोन्हीकडे गर्दी असते, आधी चौकशी करा. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी जाताना सवलत आहे: स्लीपर आणि थ्री-टियर एसीत रुग्णाचं तिकीट माफ, चेअरकारमध्ये ७५ टक्के सूट, सोबतच्या एकालाही सूट. हॉस्पिटलने भरून दिलेला फॉर्म तिकीट खिडकीवर द्यावा लागतो.

प्रवास झेपत नसेल तर घरबसल्या रिपोर्ट अपलोड करून मत मागायची सोय 'नव्या' नावाच्या सेवेमार्फत टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड, म्हणजे देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं, यांनी केलेली आहे. आम्ही मत मुंबईचं घेतलं आणि उपचार नाशिकमध्ये. केमोच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट्या होत असताना आपलं अंथरूण आणि आपलं न्हाणीघर जवळ असणं फार मोठी गोष्ट आहे.

दहावी पायरी: पैसा

आधी आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या सरकारी योजनेच्या मदतनिसाला भेटा, मग बिलिंगला. महात्मा फुले जनआरोग्य योजना २०२४ पासून सगळ्याच रेशनकार्डधारकांना खुली झाली आहे, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. ७० वर्षांवरच्या आई-वडिलांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. जनआरोग्य योजनेची हेल्पलाइन १५५३८८. मंजुरी उपचार सुरू व्हायच्या आधी घ्यावी लागते. योजनेत केमो-रेडिएशनची बरीच पॅकेजेस आहेत, पण नव्या गोळ्या आणि इम्युनोथेरपी त्यात आहेतच असं धरू नका. औषधाचं नाव सांगून विचारा.

महागड्या गोळ्यांसाठी कंपन्यांच्या रुग्ण-साहाय्य योजना असतात, काही महिने विकत घेतल्यावर पुढची औषधं मोफत अशा स्वरूपाच्या. डॉक्टरांकडूनच अर्ज जातो. त्याच औषधाची जेनेरिक आवृत्ती आहे का, हे विचारायला लाजू नका; जेफिटिनिब आता कितीतरी स्वस्त मिळते. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज बिल भरून झाल्यावर नव्हे, उपचार चालू असतानाच करा.

वावर विकायचा विचार डोक्यात आला असेल तर आधी आठव्या पायरीतला 'किती महिन्यांचा फायदा' हा प्रश्न विचारून या. आईने स्वतः सांगितलं होतं, 'द्राक्षाच्या बागेला हात लावायचा नाही.' तिचं ऐकलं, आणि त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही.

अकरावी पायरी: त्रास कमी करणारा डॉक्टर आजच

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे शेवटचे दिवस, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. फुफ्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या रुग्णांवरचा अमेरिकेतला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निदानानंतर लगेच ही सेवा जोडलेले रुग्ण जास्त बऱ्या अवस्थेत राहिले, आणि मध्यम आयुष्यही ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने मिळालं. केमोबरोबरच ही सेवा चालते. दम, दुखणं, झोप, मळमळ, बद्धकोष्ठ, मनाचं खचणं, सगळं त्यात येतं. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं तर घाबरू नका. दुखण्यासाठी आणि दम लागण्यासाठी ते योग्य मात्रेत देतात, त्याने सहसा व्यसन लागत नाही. बद्धकोष्ठाचं औषध मात्र पहिल्या दिवसापासून बरोबर हवं.

ठरल्यानंतर

पेमेट्रेक्सेड ठरलं तर फोलिक ॲसिडची गोळी आणि बी-१२चं इंजेक्शन किमान आठवडाभर आधी सुरू व्हायला हवं. ते राहून गेलं तर सायकल, म्हणजे केमोची फेरी, पुढे ढकलावी लागते, किंवा दिली तर तोंड येणं आणि रक्तपेशी घसरणं वाढतं. घरात थर्मामीटर ठेवा. केमोनंतर कधीही ताप १००.४ फॅरनहाइट झाला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही, त्याच रात्री हॉस्पिटल. विशेषतः सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. इम्युनोथेरपी चालू असेल तर जुलाब किंवा नवा दम हे साधं पोट बिघडणं समजू नका, फोन करा. हॉस्पिटलचा रात्रीचा नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरांत चिकटवा. आमच्याकडे तो बाराव्या रात्री लागला. तीन दिवस अँटिबायोटिक घेऊन आई घरी आली.

तिसऱ्या सायकलनंतर स्कॅन करायचा असं ठरलंय. ती तारीख आईनेच कालनिर्णयवर गोल करून ठेवलीये. खाली फोलिक ॲसिडच्या गोळीच्या रोजच्या फुल्या आहेत, त्याखाली दुधाचा हिशोब. परवा वातींचा नवा कापूस आणायला ती माझ्याबरोबर भद्रकालीत आली होती.